व्याधिक्षमत्व : बळ की ओळख?

‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे’ हे विशेषण आज आपल्या व्यवसायात सर्वाधिक झिजलेले विशेषण आहे. २०२० च्या महासाथीनंतर तर ते काढ्याच्या पुडीपासून च्यवनप्राशाच्या डब्यापर्यंत सर्वत्र दिसू लागले. रुग्णही “शक्ती वाढेल असे काही तरी द्या” म्हणूनच येतो, आणि आपणही फारसा विचार न करता देतो. या शब्दप्रयोगामागील कल्पनाच तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

प्रतिकार म्हणजे केवळ बळ, ही समजूत आधुनिक रोगप्रतिकारशास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक सकेंद्रक पेशीच्या पृष्ठभागावर एम.एच.सी. प्रथम वर्गाचे रेणू असतात. मनुष्यात त्यांना एचएलए-ए, बी व सी अशी नावे आहेत. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे, साधारणतः ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे या रेणूंच्या खाचेत बसवून बाहेर मांडले जातात. घरात काय शिजत आहे त्याचा नमुना जणू प्रत्येक पेशी दारात ठेवते. टी पेशींचे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, हा नमुना तपासतात. त्यात विषाणूचा अंश आढळला की ती पेशी नष्ट केली जाते.

ही तपासणी दुहेरी असते. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की टी पेशी केवळ विषाणू ओळखत नाही. विषाणूचा अंश आणि स्वकीय एम.एच.सी. रेणू ही दोन्ही ती एकत्रच ओळखते. या कार्यास १९९६ चे नोबेल पारितोषिक लाभले. परके ओळखण्यासाठी आधी स्वकीयाची खूण लागते, हा त्याचा मथितार्थ.

नैसर्गिक मारक पेशींची रीत याहून वेगळी. काही विषाणू व अर्बुदपेशी टी पेशींना चुकविण्यासाठी हे रेणूच पृष्ठभागावरून नाहीसे करतात. स्वीडनमधील क्लास कार्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले, की असा स्वकीयतेचा अभाव नैसर्गिक मारक पेशी हेरतात. त्यांच्यावरील निरोधक ग्राही निरोगी पेशीवरील प्रथम वर्गाच्या रेणूंशी जुळले की ‘थांब’ असा संदेश मिळतो. तो संदेश नसला आणि उत्तेजक संदेश असला, तरच आघात होतो. लाल रक्तपेशींवर हे रेणू जवळजवळ नसतात, तरीही त्या सुखरूप राहतात. कारण नुसता अभाव पुरेसा नसतो. म्हणजे प्रतिकाराच्या मुळाशी ओळख आहे आणि संयम आहे. संयम सुटला, की तेच बळ स्वतःच्या धातूंवर उलटते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात, असे सांगितले आहे. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे विवरण करताना व्याधीच्या बळास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध असे दोन अर्थ दिले आहेत. ओज म्हणजे टी पेशी, अशी समीकरणे मांडण्याचा मोह मात्र आम्हांस नाही. त्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. परंतु व्यक्तिपरत्वे भेद हा मुद्दा दोहोंत ठळक आहे, आणि तो आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

एचएलए रेणू माणसागणिक भिन्न असतात. अबाकाविर हे औषध देण्यापूर्वी एचएलए-बी*५७:०१ ची तपासणी केली जाते, कारण तो प्रकार असणाऱ्यांना तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. अमेरिकेत हळदीच्या पूरकांशी संबंधित यकृतविकाराच्या १० रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. त्यांतील ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ आढळला. हा प्रकार असणाऱ्या सर्वांस हळद बाधते, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा वनस्पतीची ओळख चुकली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप विचारार्ह होता. पण आपल्यापैकी अनेकांनी तेवढ्यावरच विषय मिटविला, हे आम्हांस खटकते.

प्रकृतिपरीक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच सर्वांना एकच ‘शक्तिवर्धक’ द्यावे, हा विरोधाभास आहे. आमची विनंती साधी आहे. गुळवेल, अश्वगंधा यांसारखी द्रव्ये दीर्घकाळ देण्यापूर्वी ऑटोइम्यून व्याधी, थायरॉइडचे विकार व यकृतविकार यांचा पूर्वेतिहास विचारावा. द्रव्य कोठून आले व त्याची ओळख कोणी पटविली, याची नोंद ठेवावी. कावीळ, कंडू किंवा अनाकलनीय थकवा दिसताच औषध थांबवून यकृताची तपासणी करावी आणि औषधदक्षता केंद्रास कळवावे. अशी नोंद पाठविल्याने आयुर्वेदाची अप्रतिष्ठा होत नाही. ती दडविल्याने होते.

मारक पेशीदेखील आघातापूर्वी ओळख पटविते. औषधयोजनेपूर्वी रुग्णाची ओळख पटविणे हे तर आपले कुलव्रतच आहे. सुज्ञ वैद्यबंधुभगिनींनी विचार करावा.