उत्तीर्ण झाले, पण वाचावयास शिकले काय?

परीक्षा ही विद्येची कसोटी होय, विद्या नव्हे, ही गोष्ट इतकी जुनी आहे की ती लिहिताना लेखणीस संकोच वाटावा. तथापि जुनी गोष्ट सर्वांच्या विस्मरणात गेली म्हणजे ती पुनः सांगणे भाग पडते. दरसाल फेब्रुवारी महिना लागला की बारावीच्या परीक्षेस आरंभ होतो, आणि तिचा पहिला दिवस बहुधा इंग्रजीचा असतो. त्या दिवशी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापुरापासून लोणारपर्यंत आणि जळगाव जामोदपासून सिंदखेड राजापर्यंत हजारो मुलेमुली ज्या भाषेच्या पत्रिकेस सामोरी जातात, त्या भाषेचे एक नवे पान स्वतः वाचून त्याचा अर्थ सांगण्याची शक्ती त्यांच्या अंगी आली आहे काय, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. किती गुण पडले हे सर्व विचारतात; काय वाचता येते हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे.

सन २०२३ ची परीक्षा आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वर्षी २१ फेब्रुवारीस इंग्रजीची पत्रिका झाली, आणि तिच्या कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी उत्तराचा नमुना व परीक्षकांसाठीच्या सूचना छापल्या गेल्या. मंडळाने पुढे त्याबद्दल सहा गुण देण्याचे ठरविले. ही चूक मुंबई-पुण्यासह साऱ्या महाराष्ट्राच्या वाट्यास आली. पण पुढे दहाच दिवसांनी, ३ मार्च रोजी, गणिताच्या पत्रिकेची पाने वेळेआधीच बाहेर फिरू लागली, आणि ती सिंदखेड राजा तालुक्यातून! ज्या मातीत जिजाऊंचा जन्म झाला त्या मातीचे नाव त्या दिवशी पत्रिकाफुटीसाठी साऱ्या राज्यात गाजले. साखरखेर्डा येथील पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला व अटका झाल्या. परीक्षेतील गैरप्रकारांस आळा घालण्यासाठी आपल्या राज्यात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. तो असूनही हे घडले. कारण कायदा चोरास धाक घालू शकतो, पण चोरीची गरज नाहीशी करू शकत नाही. ज्यास पत्रिका वाचून समजते त्यास ती आदल्या दिवशी मिळविण्याची हाव कमी असते. ज्यास ती समजणारच नाही, त्यास भिंतीवरून आलेल्या चिठ्ठीवाचून दुसरा आधार उरत नाही. सबब कॉपीचा बंदोबस्त करावयाचा तर तो परीक्षेच्या मांडवाच्या दारात नव्हे, अकरावीच्या वर्गात पहिल्या दिवशी केला पाहिजे.

आता इंग्रजीच्या पत्रिकेचे स्वरूप पाहू. शंभरांपैकी ऐंशी गुण लेखी व वीस तोंडी. लेखी ऐंशीत गद्य, भाषाभ्यास व सारांश यांस चौतीस, कवितेस चौदा, लेखनास सोळा आणि कादंबरीस सोळा. गद्यात एक उतारा पुस्तकातला, तर एक विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेला. ज्यांनी ही आखणी केली त्यांस आम्ही दोष देत नाही. मूल वाचणारे व्हावे हाच हेतू तीत स्पष्ट दिसतो. पण हेतू कागदावर राहतो आणि वर्गात निराळेच घडते. धडा उघडला जातो; गुरुजी त्याची गोष्ट मराठीत सांगतात; मग फळ्यावर किंवा छापील प्रश्नसंचातून उत्तरे उतरून घेतली जातात; आणि जे उतरले ते पाठ होते. मुलाने धड्याचे पहिले वाक्य तरी स्वतःच्या मुखाने वाचले काय? बहुतेक वर्गांत नाही. तोंडी परीक्षेचे वीस गुण महाविद्यालयाच्याच हाती असतात, व ते सढळपणे दिले जातात हे कोणापासून लपलेले नाही. अशा रीतीने ज्या परीक्षेने मुलाचे तोंड उघडावयाचे, तीच ते बंद ठेवून पार पडते.

व्याकरणाची गत याहून शोचनीय आहे. ‘नो सूनर’ आले की पुढे ‘हॅड’ घालावा व मध्ये ‘दॅन’ लिहावा. ‘टू’ काढावयाचा तर ‘सो’ आणि ‘दॅट’ आणावे. कर्तरीचे कर्मणी करताना कर्ता शेवटी न्यावा व त्यापूर्वी ‘बाय’ ठेवावा. ही सूत्रे आमच्या मुलांस तोंडपाठ असतात. ज्या वाक्याचा अर्थ त्यांस ठाऊक नाही तेही वाक्य ती बिनचूक फिरवून देतात! कुलुपाचा आकडा फिरविता यावा पण पेटीत काय आहे हे कळू नये, तसाच हा प्रकार झाला. व्याकरण हे भाषेच्या चालीचे शास्त्र आहे. चाल पाहिल्याशिवाय शास्त्र शिकविणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्याचे नियम घोकविणे होय.

आणि गंमत अशी की, आमच्या मुलांच्या चुका ज्या कारणाने होतात ते कारण त्यांस कोणी सांगतच नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडले जाते, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या पुढे चालतो. इंग्रजीतील ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांस मराठीत जोडीदार नाही, म्हणून मुलगा ते कधी गाळतो तर कधी नको तेथे पेरतो. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ ‘गेलो’ या क्रियापदातच राहतो. म्हणून तो ‘आय डिड नॉट वेंट’ लिहितो. ‘आज सकाळी’ याचे तो ‘टुडे मॉर्निंग’ करतो. ह्या चुका मूर्खपणाच्या नव्हेत. एका नियमबद्ध भाषेतून दुसऱ्या नियमबद्ध भाषेत जाताना पडलेली ती पावले आहेत. दोन्ही भाषा शेजारी मांडून हा भेद एकदा दाखविला, तर जे शंभर सूत्रांनी साधत नाही ते दहा वाक्यांनी साधेल. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने असंख्य मराठी मुलांस इंग्रजी शिकविली. तिची पद्धत आज जुनाट म्हणून टाकली गेली, आणि तिच्यात दोष होतेही. पण इंग्रजीकडे मराठीच्या पायरीवरून चढावे हे तिचे मर्म खरे होते. आगरकरांचे उदाहरण तर आमच्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. अत्यंत दारिद्र्यात दिवस काढीत त्यांनी शेजारच्या अकोल्याहून १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा दिली; पुढे त्यांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले आणि मराठी वाक्यांच्या पृथक्करणावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. इंग्रजीत खोल उतरलेला मनुष्य मराठी वाक्याची घडण तपासावयास बसला, यात विसंगती नाही. ज्यास एका भाषेचे वाक्य उकलता येते त्यासच दुसरीचे उकलते.

शब्दसंग्रहाविषयीही असाच भ्रम आहे. पाठ केलेल्या शब्दांच्या याद्या परीक्षेनंतर आठवड्यात विरतात. उलट आमच्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ मोटर, पंप, स्टार्टर, व्हॉल्व्ह, पाईप, ड्रिप, स्प्रे हे शब्द जन्मापासून आहेत. खामगावच्या कापूस-बाजारात ज्याचा बाप जातो त्यास जिनिंग आणि प्रेसिंग कोणी शिकवावे लागत नाही. असे शेकडो शब्द पदरी असता त्यास ‘तुला इंग्रजीतले काही येत नाही’ असे सांगणे ही शुद्ध चोरी आहे. ह्या शब्दांपासून आरंभ करून पंपावर चिकटविलेला सूचनांचा कागद, औषधाच्या डब्यावरील मजकूर, बियाण्याच्या पिशवीवरील ओळी वाचावयास लावल्या, तर शब्द डोक्यात राहील. कारण तो कामास लागेल. कीटकनाशकाच्या डब्यावरील इशारा वाचता न येणे हे गुणपत्रिकेतील उणेपणाहून कितीतरी महाग पडते.

पण सर्वांत मोठा तोटा वाचनाच्या गोडीचा होतो. बारावीच्या पुस्तकात आर. के. नारायण यांची ज्योतिष्याची कथा आहे. रस्त्याच्या कडेस पथारी पसरून बसलेला ज्योतिषी मलकापूरच्या किंवा मेहकरच्या बाजारात कोणी पाहिला नाही? अशा ओळखीच्या माणसाची कथा, आणि तिचा शेवट असा की वाचणाराने दचकावे! परंतु गुरुजींनी तो शेवट पहिल्याच तासाला मराठीत सांगून टाकलेला असतो. त्याच पुस्तकात जूल व्हर्न यांच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाच्या कादंबरीचा काही भाग आहे. मुलाने मूळ कादंबरी शोधून उघडली तर त्यास काय आढळेल? मुंबईहून कलकत्त्यास निघालेली त्या गृहस्थाची आगगाडी बऱ्हाणपुरास थांबते, आणि त्याचा नोकर तेथे घाईघाईने वहाणा विकत घेतो! भुसावळहून एक लोहमार्ग बऱ्हाणपुराकडे जातो, दुसरा मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपुराकडे. म्हणजे जगप्रसिद्ध कादंबरीचा नायक आमच्या वेशीजवळून गेला, आणि आमच्या मुलास त्याची वार्ताही नाही. कारण त्यास सोळा गुणांपुरती उत्तरे दिली गेली, पुस्तक दिले गेले नाही.

कोणी म्हणेल, इंग्रजीचे एवढे स्तोम कशास? मराठी सुधारा, इंग्रजी आपोआप मागे पडेल. आम्ही मराठीचे अभिमानी आहोत, आणि उच्च शिक्षणही मराठीतून मिळावे असे इच्छितो. परंतु जोपर्यंत तसे नाही तोपर्यंत वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीस विज्ञानशाखेत गेला की पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र त्याच्यापुढे इंग्रजीतून येऊन उभे राहतात. मे महिन्यात ज्यास त्वरण म्हणून ठाऊक होते, जूनमध्ये त्याचेच ‘ॲक्सिलरेशन’ होते. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत व शिकवणीस पैसा आहे, तो हा ओढा उडी मारून ओलांडतो. पाचांपैकी चार माणसे जेथे खेड्यात राहतात त्या आमच्या जिल्ह्यातील मुलगा मात्र त्यात सापडतो, आणि आपल्याला विज्ञान जमत नाही असे समजून माघारी फिरतो. वास्तविक त्यास विज्ञान जमत होते. वाक्य जमत नव्हते. मुलींची अडचण याहून मोठी. एस.टी.ने तालुक्यास येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलीस सायंकाळच्या शिकवणीस थांबू कोण देतो? तिच्यासाठी वर्गातील तास हाच पहिला आणि हाच शेवटचा. तो उत्तरे उतरण्यात गेला की तिचे सर्वस्व गेले.

आणि मराठी सुरक्षित आहे असे तरी कोठे आहे? ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची परीक्षा घेतली गेली. देशातील निवडक जिल्ह्यांच्या ह्या पाहणीत ५७.३ टक्के मुलांस इंग्रजी वाक्ये वाचता आली, व तशी वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांस अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरांत बेचाळीस. तसेच सुमारे एक-चतुर्थांश मुलांस दुसरीच्या पायरीचा उतारा आपल्या भाषेतही सुरळीत वाचता आला नाही. आकडे देशाचे आहेत, आमच्या जिल्ह्याचे नव्हेत. पण ज्यास आपल्या जिल्ह्याविषयी अधिक अभिमान असेल त्याने जवळच्या वर्गात जाऊन एक पान वाचवून घ्यावे. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षे एखादी भाषा शिकून तिचे पान वाचता येत नसेल, तर दोष मुलाचा म्हणता येत नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे हे सुधारकाचे काम नव्हे. आमच्या चार सूचना आहेत, आणि एकीसही सरकारी तिजोरीची वाट पाहावी लागत नाही. पहिली, अकरावी-बारावीच्या प्रत्येक इंग्रजी तासाची पहिली वीस मिनिटे मुलांनी स्वतः मोठ्याने वाचण्यास द्यावी. गुरुजींनी ऐकावे व अडेल तेथेच बोलावे. दुसरी, व्याकरणाचा प्रत्येक नियम वाचलेल्या उताऱ्यातील वाक्यावरून, आणि मराठी वाक्य शेजारी ठेवून शिकवावा. तिसरी, तोंडी परीक्षेचे वीस गुण न पाहिलेले पान वाचवून व त्यावर दोन प्रश्न विचारूनच द्यावेत. गुण कमी पडले तर पडोत. चौथी, १९६७ च्या कायद्याखाली आमच्या गावोगाव जी सार्वजनिक ग्रंथालये अनुदान घेतात, त्यांनी सोप्या इंग्रजी गोष्टींची पन्नास पुस्तके व एक शब्दकोश मुलींच्या हाती पडेल अशा वेळी उघडा ठेवावा.

शिक्षकांवर कामे फार आहेत, वर्ग मोठे आहेत, हे आम्ही जाणतो. पण उत्तरे लिहवून देण्यासही वेळ लागतोच. तोच वेळ वाचनास द्यावा एवढेच आमचे मागणे आहे. पहिले तीन महिने वर्ग अडखळेल, पालक कुरकुरतील, कदाचित एखाद्या वर्षी निकालाचा आकडाही उतरेल. तो आकडा फलकावर लावून मिरविण्याची सवय ज्या संस्थांस जडली आहे त्यांस हे कठीण जाईल. तथापि त्यांनी आपल्या मनास एकच प्रश्न विचारावा: आपल्या दारातून बाहेर पडलेला मुलगा उद्या नोकरीचा करार, बँकेचा कागद किंवा औषधाची चिठ्ठी हाती घेईल, तेव्हा त्याच्या शेजारी बसून उत्तर सांगावयास कोण येणार आहे? कोणी येणार नसेल, तर त्यास आजच वाचावयास शिकविणे हाच खरा धर्म होय.