आधी बोटे, मग करवत

खानदेशातल्या पशुवैद्यकाला गुडघ्याची शस्त्रक्रिया नवी नाही. मागचा पाय ताठ ठेवून खूर जमिनीवर घासत येणारा बैल किंवा म्हैस पाहिली की आपल्यातल्या जुन्या हातांना लांबूनच कळते, वाटी वर अडकली आहे. जनावर पाडायचे, जागा बधिर करायची, आतल्या बाजूचे पॅटेलर लिगामेंट बोटाने चाचपायचे, त्याखाली सुरी सरकवायची आणि ते कापायचे. जनावर उठते ते बहुधा पाय वाकवतच. इतक्या थोड्या हत्यारांत इतका झटपट गुण देणारी दुसरी शस्त्रक्रिया आमच्या तरी माहितीत नाही. ती शिकण्यासाठी कोणी कार्यशाळेची फी भरली नाही. सीनिअरच्या शेजारी उभे राहूनच ती हातात आली.

कुत्र्याचा गुडघा असा एका कापात सुटत नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलन्यांतून येणाऱ्या लंगड्या कुत्र्यांत दोघे जण पुन्हा पुन्हा भेटतात. एक पोमेरेनियन, चार पावले चालून मध्येच एक पाय उचलणारा. त्याची वाटी आत सरकलेली असते. दुसरा लॅब्राडोर, दूध-पोळी आणि बिस्किटांवर फुगलेला, मार्चपासून जूनपर्यंत फरशीवर पसरलेला. त्याचे पुढचे क्रूसिएट लिगामेंट झिजत झिजत तुटलेले असते. अशा लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांसाठी टीपीएलओ, म्हणजे टिबिया कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया, शिकावी असे आता अनेक तरुण डॉक्टरांना वाटते. मुंबई-पुण्याच्या प्रशिक्षणांना खानदेशातूनही मंडळी जातात. जावेच. पण परत आल्यावर काय, हा प्रश्न आम्हाला पडतो.

आपल्याकडे घोडे अडते ते निदानापाशी. कुत्रे लंगडले की मेलोक्झिकॅम, जोडीला कॅल्शियमचे सिरप, आणि लॅब्राडोर असेल तर ‘हिप डिस्प्लेसिया’ असा शेरा. खुब्याचा एक्स-रे काढला तर त्यात थोडेफार सापडतेच, आणि मग गुडघ्याला कोणी हात लावत नाही. (कॅल्शियमच्या सिरपने कोणते लिगामेंट जोडले गेले, हे एकदा कोणीतरी सांगावे.) आपल्या भागात गोचिडांचा सुळसुळाट असल्यामुळे गोचीड तापातली सांधेदुखीही याच रांगेत येऊन बसते, म्हणून रक्त तपासल्याशिवाय गुडघ्याला दोष देणेही बरोबर नाही.

ड्रॉवर चाचणी आपण सगळेच कॉलेजात शिकलो. एका हाताचा अंगठा फॅबेलाच्या मागे आणि तर्जनी वाटीवर. दुसऱ्या हाताचा अंगठा फिब्युलाच्या डोक्यामागे आणि तर्जनी टिबियाच्या पुढच्या उंचवट्यावर. फिमर स्थिर धरायचे आणि टिबिया पुढे सरकवून पाहायचे. पण शुद्धीवर असलेला धिप्पाड लॅब्राडोर मांडी आवळून धरतो आणि तुटलेला गुडघाही घट्ट लागतो. थोडी गुंगी देऊन पुन्हा पाहावे. लिगामेंट अर्धवटच तुटले असेल तर हाड बहुधा गुडघा वाकवल्यावर सरकते, पाय सरळ असताना नाही. पिल्लांचे हाड थोडे सरकतेच, पण एका जागी खटकन थांबते. गुडघ्याच्या आतल्या बाजूची जाडी आणि बसताना बाजूला फेकलेला पाय यांतूनही बरेच कळते. हे सगळे बोटांचे काम आहे, त्याला यंत्र लागत नाही.

आता करवतीकडे. अमेरिकेतल्या ऑरेगॉनचे डॉ. बार्कले स्लोकम यांनी टिबियाच्या वरच्या उताराकडे प्रथम लक्ष वेधले. लिगामेंट पुन्हा बांधत बसण्यापेक्षा हाड गोलाकार कापून, फिरवून तो उतार सुमारे ५ अंशांवर आणावा, म्हणजे पाऊल टेकताना टिबिया पुढे घसरणार नाही, ही त्यांची कल्पना. १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी तिचे पेटंट घेतले होते आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती करता येत नसे. त्या अटीवर तेव्हा टीका झाली, ती रास्तही होती. पण पेटंटची मुदत सरली, प्लेटा आणि करवती कोणालाही मिळू लागल्या, आणि शिकल्याशिवाय हात लावू नये हा धाकही त्याबरोबर गेला. तो धाक आता आपला आपणच ठेवायचा आहे. उतार मोजण्यासाठी गुडघा आणि हॉक दोन्ही ९० अंशांत ठेवून, दोन्ही कॉन्डाइल एकावर एक येतील असा बाजूचा एक्स-रे लागतो. तो ज्याला आपल्या टेबलावर नेहमी नीट काढता येत नाही त्याने करवत विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. करवतीची पाती सलाइनने थंड ठेवली नाही तर हाड भाजते, आणि टिबियाच्या मागची धमनी कापली गेली तर कार्यशाळेतल्या प्लॅस्टिकच्या हाडाने त्याची सवय करून दिलेली नसते. संसर्गाचे प्रमाणही या शस्त्रक्रियेत इतर स्वच्छ शस्त्रक्रियांपेक्षा जास्त आढळते, म्हणून ऑटोक्लेव्ह आणि गॅसची भूल या चैनीच्या वस्तू मानू नयेत.

प्रत्येक गुडघा कापावाच लागतो असेही नाही. क्रूसिएट तुटलेल्या कुत्र्यांवरचा व्हॅसर यांचा १९८४ चा अभ्यास अजूनही वाचण्यासारखा आहे. शस्त्रक्रिया न करता १५ किलोंखालच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के सुधारले, त्यावरच्या वजनाच्या कुत्र्यांपैकी मात्र २० टक्केही नाहीत. अशा छोट्या कुत्र्याच्या मालकाला विश्रांती, वजन आणि वाट पाहणे सुचवणे हीसुद्धा शल्यचिकित्साच आहे. मध्यम वजनाच्या कुत्र्यांत फॅबेलाभोवतीच्या बाहेरच्या टाक्याने सुरुवात करावी. सांधा उघडून मेनिस्कस पाहण्याची सवय तिथेच लागते, आणि मेनिस्कस न पाहता केलेली टीपीएलओ अर्धीच होते.

एकेकट्याने हे होणार नाही. धुळे, जळगाव, अकोला आणि नागपूर एकाच सुरत–नागपूर महामार्गावर आहेत. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठ आहे. १८८६ पासून चालू असलेले परळचे महाविद्यालय जळगावहून रेल्वेने एका रात्रीवर आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या खासगी डॉक्टरांनी मिळून एक निर्जंतुक थिएटर आणि एक हत्यारांचा संच ठेवावा, शल्यचिकित्सकाला आपल्याकडे बोलवावे, आणि जिचा रोगी तिने किंवा ज्याचा रोगी त्याने टेबलाशी मदतनीस म्हणून उभे राहावे. बैलाची वाटी आपण अशीच शिकलो. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांनीही महिन्यातला एक दिवस लंगड्या कुत्र्यांसाठी राखून ठेवावा.

आपण केलेल्या प्रत्येक गुडघ्याचा शस्त्रक्रियेपूर्वीचा, लगेचचा आणि आठ आठवड्यांनंतरचा एक्स-रे आमच्याकडे पाठवा. मालकाचे नाव झाका, निकाल झाकू नका. बिघडलेले रोगी आधी छापू.