उशिराचा हिशेब

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा हा ऐन लग्नसराईचा काळ होता. त्याच आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, उड्डाणे एकामागून एक रद्द होऊ लागली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई विमानतळावर खोळंबलेल्यांत ठाणे, डोंबिवली आणि कल्याणची मंडळी होतीच. कोणाला वऱ्हाडासह पोहोचायचे होते, कोणाची न्यायालयात तारीख होती, कोणाचा माल परगावी पाहणीसाठी तयार होता. उरलेल्या कंपन्यांचे भाडे इतके चढले की सरकारला अंतरानुसार कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी ही मर्यादा ७,५०० रुपये होती.

या गोंधळाचे कारण विचारले असता बहुतेकांना एकच उत्तर मिळाले : वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. साहजिकच अनेकांचा राग नियमांवर निघाला. ‘विश्रांतीच हवी तर घरी बसावे’ असेही उद्गार ऐकू आले. तथापि या रागाची जमा-खर्चाच्या दोन्ही बाजूंनी तपासणी झाली पाहिजे. कारण विमानाने प्रवास करणारा व्यापारी वर्ग हा या हिशेबातील केवळ ग्राहक नाही, तो त्यातील भागीदारही आहे.

आधी हे नियम काय होते ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर केले. वैमानिकाची साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली. ‘रात्र’ म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत, ही व्याख्या बदलून ती सहापर्यंत वाढवण्यात आली. रात्रीच्या वेळी एका वैमानिकाने सहापर्यंत वेळा विमान उतरवण्याची जी मुभा होती, ती दोनवर आणण्यात आली. कंपन्यांनी खर्चाची आणि मनुष्यबळाची अडचण पुढे केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेरीस अंमलबजावणीचे दोन टप्पे ठरले : १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

याचा अर्थ असा की नियम जाहीर झाल्यापासून दुसरा टप्पा लागू होईपर्यंत जवळजवळ बावीस महिन्यांचा अवधी गेला. ज्या दुकानदाराला दिवाळीची तारीख बावीस महिने आधी ठाऊक आहे, त्याने माल भरला नाही तर दोष दिवाळीचा नसतो. प्रवाशांचा राग रास्त होता, परंतु त्याचा पत्ता चुकला. संकट विश्रांतीमुळे आले नाही. विश्रांतीची तरतूद वेळेवर केली नाही म्हणून आले.

‘तरतूद’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. बँकेच्या ताळेबंदात संशयित कर्जांसाठी तरतूद करावी लागते. ती केली की त्या वर्षीचा नफा घटतो, भागधारक नाराज होतात, आणि ज्या वर्षी कर्जे बुडत नाहीत त्या वर्षी ही रक्कम उगाच बाजूला ठेवली असे वाटते. परंतु तरतूद न करता फुगवलेला नफा हा नफा नसतो, तो पुढच्या वर्षाकडून न विचारता घेतलेली उचल असते. विमान वाहतुकीतही हेच घडते. राखीव वैमानिक, रिकामा ठेवलेला तास, हवामान निवळेपर्यंत थांबलेले विमान, वळवलेले उड्डाण या साऱ्या तरतुदी होत. ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवशी त्या निव्वळ तोटा भासतात.

तरतूद नसली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले मराठवाड्यातील आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. दुपारची वेळ, एप्रिलचे ऊन आणि भरलेले विमान. तापलेली हवा विरळ होते. विमानाला उचल कमी मिळते आणि धावपट्टीचा अधिक भाग लागतो. विमानाने जमीन सोडली ती धावपट्टीच्या अगदी टोकाला. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक जात होता. विमानाची चाके त्या गाठींवर आदळली, पुढे विमान विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्यू पावले.

चौकशीत वैमानिकाने विमान उचलण्यास केलेला उशीर हे कारण ठरलेच. परंतु त्याच्या बरोबरीने आणखी एक कारण नोंदले गेले. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था प्राधिकरणाने ठेवली नव्हती. ट्रक नेहमीच्या रस्त्याने, नेहमीचा माल घेऊन जात होता. त्याला कोणी थांबवले नाही. दिव्याच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी वर्षानुवर्षे खोळंबा सोसला आहे, त्यांना बंद फाटकाची चीड ठाऊक आहे. चिकलठाण्याला त्या दुपारी काही मिनिटे बंद राहणारे एक फाटक हवे होते. गाठी काही मिनिटे उशिरा पोहोचल्या असत्या, एवढीच त्या तरतुदीची किंमत होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळमधील कोळिकोड येथे उतरताना धावपट्टीपुढील दरीत कोसळले. विमानात १९० जण होते. त्यांतील २१ जणांना प्राण गमवावे लागले. त्या वेळी पाऊस पडत होता आणि वारा विमानाच्या पाठीमागून येत होता. विमानाने पहिला प्रयत्न सोडून दिला आणि दुसऱ्या प्रयत्नात ते टेकले, ते सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीचा जवळजवळ निम्मा भाग मागे टाकून. सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याचा इशारा दिला होता. तो मानला गेला नाही.

विमान चालवणारे कॅप्टन मराठी होते, वायुसेनेतून आलेले होते आणि अत्यंत अनुभवी होते. चौकशी अहवालाने विहित कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण म्हणून नोंदवले, आणि त्याचबरोबर कंपनीच्या कारभाराकडेही बोट दाखवले. कोळिकोड येथे पुरेसे कॅप्टन उपलब्ध नव्हते. याच कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करायचे होते. त्या रात्री विमान अन्यत्र वळवले असते तर विश्रांतीच्या नियमानुसार ते सकाळी उपलब्ध राहिले नसते. काहीही करून कोळिकोडलाच उतरण्याची ओढ यातून निर्माण झाली असावी, असे अहवालाचे म्हणणे आहे. राखीव कॅप्टन ठेवण्याचा खर्च वाचवला गेला होता, आणि वाचलेल्या त्या रकमेचा भार एका माणसाच्या एका रात्रीच्या निर्णयावर येऊन पडला होता. व्यक्तीची चूक आणि व्यवस्थेची काटकसर एकमेकींत कशी मिसळते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

हा विचार आज ठाणे जिल्ह्यासाठी अधिक निकडीचा झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. ३,७०० मीटरची धावपट्टी आणि पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेला हा विमानतळ ठाण्याहून बेलापूर रस्त्याने, तर कल्याण-डोंबिवलीहून शीळफाटा-महापेमार्गे गाठता येतो. दुसरीकडे राज्यातील लहान विमानतळही जागे होत आहेत. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. सोलापुरात धावपट्टीच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तेथून विमान उडू लागले. ती चिमणी पाडण्यावरून शहरात मोठा वाद झाला होता. सुरक्षिततेची किंमत कोणाला तरी चुकवावीच लागते, याचाच तो एक दाखला होता.

या लहान मार्गांचे अर्थकारण नाजूक असते. ‘उडान’ योजनेत निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे २,५०० रुपयांवर रोखलेले असते आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षे भरून देते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांची झाडाझडती घेतली. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. अशा काठावरच्या धंद्यात विमाने थोडी आणि वैमानिकही मोजकेच असतात. सकाळी एक विमान बिघडले तर दुसरे आणता येत नाही. अनेक लहान विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसते, म्हणून दुपारचा उशीर सूर्यास्तापाशी ‘रद्द’ या शब्दात संपतो. येथे ‘एवढे करून टाकू’ हा मोह सर्वांत प्रबळ असतो आणि प्रवाशांचा आरडाओरडा त्या मोहाला बळ देतो.

मग प्रवाशाने निमूटपणे सारे सोसावे काय? मुळीच नाही. ज्याचा त्याचा हक्क ज्याने त्याने मागावा. महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाला दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागता येतो. मुदतीत पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास त्याखेरीज भरपाईही देय असते. उड्डाण एक तासापर्यंतचे असल्यास ५,०००, दोन तासांपर्यंतचे असल्यास ७,५०० आणि त्याहून लांबचे असल्यास १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. खराब हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर मात्र भरपाई नाही. म्हणून रद्द होण्याचे कारण लेखी मागून घ्यावे, तिकीट व संदेश जपून ठेवावेत आणि खर्चाच्या पावत्या फाडून टाकू नयेत. हिशेबी माणसाला हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

तथापि हक्क मागणे वेगळे आणि विमान उडवण्यासाठी दबाव आणणे वेगळे. व्यवस्थापनाकडून भरपाई अवश्य घ्यावी, परंतु हवामान पाहून थांबलेल्या वैमानिकाला किंवा ड्युटीचे तास संपले म्हणून उतरलेल्या कर्मचाऱ्याला जाब विचारू नये. आपल्या बाजूनेही थोडी तरतूद ठेवावी. लग्न, शस्त्रक्रिया किंवा न्यायालयाची तारीख असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे, त्या दिवसाच्या शेवटच्या विमानावर विसंबू नये. पावसाळ्यात कोकण किंवा घाटमाथ्यावरील लहान विमानतळाचे तिकीट काढताना रेल्वेचा पर्याय मनात असावा.

डिसेंबरमधील प्रकरणाचा शेवट मात्र समाधानकारक झाला नाही. गर्दी आणि संताप वाढताच साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरू नये ही सूचना मागे घेतली गेली आणि इंडिगोला रात्रीच्या काही अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट मिळाली. पुढे कंपनीची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्याचा आदेशही निघाला, हे खरे. परंतु पहिला उपाय कोणता योजला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तूट आली आणि ती तरतुदीतून काढून भरली गेली. बँकेच्या कोणत्याही तपासनीसाने अशा नोंदीखाली लाल रेघ ओढली असती.

ठाणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानातील कर्मचाऱ्यांत डोंबिवली आणि बदलापूरची तरुण मुलेही होती. त्या अपघाताचा थकव्याशी संबंध जोडण्यास काहीही आधार नाही. प्राथमिक अहवालाने दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एका सेकंदाच्या अंतराने बंद झाल्याचे नोंदवले आहे, तो का झाला हे त्यात सांगितलेले नाही. येथे त्याचा उल्लेख एवढ्याचसाठी की विमानाच्या दारात हात जोडून स्वागत करणारी मुले कोठून येतात, हे त्या दिवशी या परिसराला कळले.

डोंबिवलीत राहणाऱ्या अशा कर्मचाऱ्याला पहाटेच्या उड्डाणासाठी मध्यरात्रीनंतर घर सोडावे लागते. परतताना गर्दीच्या लोकलमध्ये त्याच्या झोपेचा आणखी एक भाग जातो. कागदावरच्या विश्रांतीच्या तासांतून हा प्रवास वजा केल्यावर जे उरते, तेवढीच त्याची खरी झोप. तिच्यात आणखी कपात करून आपले विमान वेळेवर सोडावे काय, हा प्रश्न पुढच्या वेळी फलकावर ‘विलंब’ हा शब्द झळकेल तेव्हा प्रत्येक प्रवाशाने स्वतःला विचारावा.