घरगुती कानमंत्र : स्टीलच्या भांड्यांवरचे डाग



सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या घरांतली स्टीलची भांडी पुष्कळदा भारतातूनच आलेली असतात. कुणाच्या तांब्यावर आजीचे नाव, कुणाच्या परातीवर लग्नाची तारीख. डाग पडला की आपण इतके घासतो की अक्षरेच पुसट होतात. म्हणून या वेळी आम्ही सांगतो, डाग कशाचा ते आधी ओळखा. मग जोर लावावा लागत नाही.

पांढरे ठिपके : इथले नळाचे पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले असते, पण पाइप खाल्ले जाऊ नयेत म्हणून त्यात कॅल्शियमचे क्षार थोडे परत मिसळतात. पाणी भांड्यावर वाळले की तेच उरतात. एक वाटी व्हिनेगर व तीन वाट्या पाणी एकत्र करून फडक्याने लावा, पाच मिनिटांनी धुवा. लिंबाची फोडही चालते. रोज भांडी निथळत न ठेवता लगेच पुसली तर ठिपके पडतच नाहीत.

निळी-जांभळी झाक : रिकामे भांडे फार तापल्याची ही खूण. स्टीलवर क्रोमियम ऑक्साईडचा अगदी पातळ थर असतो. तोच गंजापासून राखतो. उष्णतेने तो जाड होतो व रंग दिसतो. भांडे बिघडलेले नाही. व्हिनेगरने रंग जातो.

करपलेला तळ : तळ बुडेल इतके पाणी व दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटे उकळा. कोमट झाल्यावर लाकडी उलथण्याने खरवड सुटते.

बारीक खड्डे : हे मिठाचे काम. गार पाण्यात टाकलेले मीठ तळाशी बसते आणि तो पातळ थर भेदते. पाणी उकळल्यावरच मीठ घाला व ढवळा. लोणचे, चिंचेचा कोळ काचेच्या बरणीत ठेवा. खड्डा एकदा पडला की निघत नाही.

तांबूस डाग : लोखंडी तारेची घासणी वापरली की तिचे कण भांड्याला चिकटून गंजतात. खायच्या सोड्याचा ओला लेप लावून मऊ स्पंजने पुसा. कोरलेल्या अक्षरांसाठी जुना, मऊ टूथब्रश उत्तम.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्टीलला ब्लीच लावू नका. त्यानेही खड्डे पडतात. आणि ब्लीच व व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो, आणि एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात तो पटकन कोंडतो. चुकून असे झालेच तर मुलाबाळांसह लगेच घराबाहेर मोकळ्या हवेत जा. श्वासाला त्रास होत असेल तर 998 वर रुग्णवाहिका बोलवा. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे त्यांच्या भाषेत नक्की सांगा.

आपल्या घरची एखादी युक्ती असेल तर आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.