‘हेल्मेटसक्ती’ : एका समासाची चिकित्सा

मराठी वृत्तपत्रांनी गेल्या दोन-अडीच दशकांत जे जोडशब्द रूढ केले, त्यांत ‘हेल्मेटसक्ती’ हा बहुधा सर्वांत यशस्वी शब्द ठरावा. तो उच्चारला की वादाचा निकाल लागलेलाच असतो. वाहन चालवण्यासाठी परवाना लागतो. त्याला कोणी ‘परवानासक्ती’ म्हणत नाही. रात्री दिवा लावावा लागतो. ‘दिवासक्ती’विरुद्ध कृती समिती निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. डोक्यावर काय घालावे, एवढ्या एकाच नियमाला मात्र सक्ती हे शेपूट कायमचे चिकटले आहे. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारी माणसे. शब्द कसे घडतात आणि घडल्यावर माणसांकडून काय करवून घेतात, हे पाहणे हा आमचा व्यवसाय आहे. म्हणून या शब्दाविषयी, आणि त्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या सुशिक्षित युक्तिवादाविषयी, चार शब्द बोलणे आम्हांस भाग वाटते.

प्रथम एक साधी गोष्ट. ही तरतूद नवी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १२९ ने दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही शिरस्त्राण आवश्यक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून वगळले. तरीही आपल्याकडे दर काही वर्षांनी ‘आता हेल्मेटसक्ती’ अशी बातमी येते, जणू कोणी आदल्या रात्री फर्मान काढले आहे. २०१६ साली औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) ती आली. त्याच वर्षी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा परिवहनमंत्र्यांनी केली आणि ती मागेही घेतली गेली. १ जानेवारी २०१९ पासून ती पुण्यात आली, तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली आणि सविनय कायदेभंगाची भाषा झाली. ज्या शब्दाशी मिठाचा सत्याग्रह जोडलेला आहे, तो शब्द प्लास्टिकच्या टोपापर्यंत खाली आणताना कोणाला संकोच वाटला नाही, याचे आम्हांस नवल वाटते. तीन तपांहून जुना कायदा वारंवार ‘लागू’ व्हावा लागतो, याचा अर्थ तो एकदाही लागू झालेला नाही, इतकाच.

आता ‘सक्ती’. हा शब्द फारसीतून आला. कठीण, कडक असा मूळ ‘सख्त’चा अर्थ. पण मराठीत या शब्दाला एक मोठा सन्मानाचा काळ होता, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व बडोदे संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ मध्ये याच हेतूने विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते करून दाखवले. या चौघांच्या तोंडी ‘सक्ती’ हा शब्द शिवी नव्हता. आई-बापाला मुलाचे भवितव्य शेतात वा गोठ्यात बुडवण्याचे स्वातंत्र्य असू नये, असे ते म्हणत होते. तेव्हाही विरोधक होते, आणि त्यांचा मुद्दा आजच्यासारखाच होता : सरकारने घरात शिरू नये.

याच्या उलट बाजूलाही इतिहास आहे, हे आम्ही नाकारत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, माणसे ओढून नेली, देवघरांत बूट नेले. सक्ती म्हणजे मानहानी, ही आठवण त्या शहराच्या हाडात मुरलेली असेल तर तिची टिंगल करणे गैर आहे. चौकातला हवालदार पावती पुस्तक उघडून उभा राहिला की सामान्य माणसाच्या मनात जे उमटते, त्यात त्या मानहानीचा अंश असतोच. विरोधातला हा एवढा भाग आम्हांस खरा वाटतो. परंतु रँडच्या शिपायाला जाब विचारणारे कोणी नव्हते. आजच्या हवालदाराला विचारता येतो. पावतीच्या पद्धतीवर जरूर भांडावे. डोक्याच्या कवटीची जाडी त्या भांडणाने बदलत नाही.

आमच्या व्यवसायातल्या मित्रांचा लाडका आधार म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि त्याचा प्रवक्ता जॉन स्टुअर्ट मिल. वर्गात आगरकर शिकवताना मिलचे नाव घ्यावेच लागते, त्यामुळे तो आमच्या स्टाफरूममध्ये चहाइतकाच नित्य आहे. ‘माझे डोके, माझा प्रश्न’ हे मिलचे म्हणणे, असे सांगितले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. १८५९ च्या आपल्या ग्रंथात मिल मोडक्या पुलाचे उदाहरण देतो : पुलावर पाऊल ठेवणाऱ्याला धोक्याची कल्पना नसेल व सांगण्यास वेळ नसेल तर त्याला धरून थांबवावे, पण धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल, तर त्याला सावध करावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. मिलला एवढ्यावर थांबवले तर विरोधक जिंकतात. पण मिल एवढ्यावर थांबत नाही. स्वतःचे नुकसान करून घेताना एखादा माणूस आपल्यावर अवलंबून असलेल्यांची निश्चित कर्तव्ये पार पाडण्यास असमर्थ होत असेल, तर ती बाब केवळ त्याची राहत नाही, असेही तो त्याच पुस्तकात सांगतो. पुस्तक अर्धे वाचून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर आपण रागावतो. असो.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या मोटारसायकलवर एकटा माणूस बसलेला असतोच कुठे? पाथरीहून मानवतकडे, जिंतूरहून परभणीकडे, गंगाखेडच्या बाजाराला जाणारी कोणतीही दुचाकी पाहा. पुढे पेट्रोलच्या टाकीवर मोठे मूल, मध्ये धनी, मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर धाकटे. घरात हेल्मेट असलेच तर एक असते, आणि ते पुढच्या डोक्यावर असते. ‘माझे डोके’ या घोषणेतला ‘मी’ नेमका कोण, याचे उत्तर या चित्रात आहे. एका हाताने मूल आणि दुसऱ्याने सीटचा कडा धरून बसलेल्या त्या बाईला तिचे मत कोणी विचारलेले नाही. गतिरोधक अचानक आला, पदर चाकात गेला, की सर्वांत आधी तीच मागच्या मागे पडते, डोक्यावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. स्वातंत्र्याच्या लेखांत या चौदा हजारांचा उल्लेख आम्ही अजून वाचलेला नाही. स्त्रीवादी समीक्षेवर चर्चासत्रे घेणाऱ्या आमच्या विभागांनीही तो केलेला नाही, हे सांगायला हवे.

आमचा रोख इथे आहे. शहरातला वाद चालवणाऱ्याच्या डोक्याभोवती फिरतो, कारण वाद घालणारा तोच असतो. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा सांगितला आहे. अशा मुलाला घेऊन ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असेही म्हटले आहे. आमच्या जिल्ह्यात किती दुकानांत इतके लहान हेल्मेट मिळते, ते चौकशी करून पाहावे.

टोपाने खरोखर फरक पडतो का, ही शंका आता शंका राहिलेली नाही. पण तिची जन्मकथा साहित्याच्या माणसांना जवळची वाटेल. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा लेखक टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि शुद्धीवर न येता सहा दिवसांनी गेला. त्याच्या उपचारांत सहभागी असलेले तरुण मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स त्या मृत्यूने अस्वस्थ झाले. त्यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्या स्वारांना टोप आवश्यक केला. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनला कायदा करायला १९७३ उजाडले. म्हणजे पुरावा मिळाल्यावरही बत्तीस वर्षे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने २००८ मध्ये निष्कर्ष दिला : हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

‘घालूनही माणसे मरतात’ हे उत्तर यावर ठरलेले. युरोपात बर्फाच्या उतारांवरून घसरण्याचा जो खेळ आहे, त्याच्या शौकिनांतही हाच वाद वर्षानुवर्षे चालला आहे. तिथे मायकेल शूमाकरचे नाव घेतात : डिसेंबर २०१३ मध्ये हेल्मेट असूनही त्याचा मेंदू जबर जखमी झाला. ते नसते तर तो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नसता, असे त्याच्या डॉक्टरांनी सांगितले. उदाहरण देणारे हे वाक्य गाळतात. इटलीने आधी लहान मुलांना, २०२२ पासून अठरा वर्षांखालील सर्वांना आणि २०२५ मध्ये मोठ्यांनाही त्या उतारांवर हेल्मेट आवश्यक केले. तो वर्षातून आठ दिवसांचा, पैसेवाल्यांचा खेळ आहे. आमच्याकडची दुचाकी हा खेळ नाही. ती दूध घालण्याची, बियाणे आणण्याची, कॉलेजला येण्याची गरज आहे. जो धोका हौसेने पत्करला जात नाही, त्याबाबत ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हे शब्द वापरताना जीभ अडखळायला हवी.

उन्हाचा मुद्दा राहिला. एप्रिल-मे मध्ये परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, हेल्मेटमध्ये डोके उकडते, हे सत्य आहे. पण त्याच उन्हात आमचे लोक उघड्या डोक्याने फिरतात काय? उपरणे, रुमाल, टोपी. मुली तर स्कार्फने डोळे तेवढे उघडे ठेवतात. डोके झाकण्याची आम्हांस मुळीच चीड नाही. पागोटे, फेटा, मंदील, पदर, या शब्दांनी मराठीचे अर्धे अलंकार व्यापले आहेत. टोप घालणे भित्रेपणाचे, असे तरुण मुले म्हणतात, तेव्हा त्यांना प्रतापगडाचा प्रसंग वाचायला द्यावा. १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी मंदिलाखाली लोखंडी टोप घातल्याची नोंद इतिहासग्रंथांत आढळते. मोटारसायकलवर महाराजांचे चित्र लावणाऱ्या मुलाने ती नोंद वाचलेली नसते. ‘शिरस्त्राण’ हा शब्द सरकारी फलकावर दिसतो, पण तो कोणी बोलत नाही. हेल्मेट हाच आता मराठी शब्द आहे, याबद्दल आमची तक्रार नाही.

सक्ती हवी, असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती केवळ चौकातल्या स्वारावर नको. नवी दुचाकी विकताना हेल्मेटही द्यावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. आमच्या ओळखीच्या किती जणांना ते मिळाले, हे विचारल्यावर बहुतेकांना असा नियम असल्याचेच ठाऊक नव्हते. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाविना हेल्मेट विकता येत नाही; तरी रस्त्याच्या कडेला दोरीला टांगलेली, पावती वाचवण्यापुरती हेल्मेटे विकली जातातच. २०१९ च्या दुरुस्तीने स्वाराचा दंड एक हजार रुपये आणि तीन महिने परवाना अपात्र असा वाढवला. विक्रेत्याकडे तेवढ्याच तत्परतेने कोणी जात नाही. कल्याण-निर्मळ महामार्गावर आणि गावरस्त्यांवर रंग न मारलेले गतिरोधक घालणाऱ्यांकडेही नाही. विरोधकांनी यासाठी समिती काढली असती, तर आम्ही वर्गणी दिली असती.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला घेऊन इथली गाडी बहुधा नांदेडच्या दिशेने निघते, सत्तर-एक किलोमीटर. मोठा रुग्ण असेल तर संभाजीनगर, दोनशे. पुण्यातल्या स्वातंत्र्यवाद्याला मेंदूचा डॉक्टर वीस मिनिटांवर असतो. तो जी जोखीम घेतो आणि तीच जोखीम पालमच्या किंवा सोनपेठच्या मुलाने घेणे, यांत अंतराचा फरक आहे; त्याचा लेख मात्र दोघांच्या वतीने लिहिलेला असतो आणि पुरवणीतून इथल्या कॉलेजच्या वाचनालयातही पोहोचतो.

आमच्या महाविद्यालयांनी ओळखपत्राविना फाटकातून आत न सोडण्याचा नियम केला आहे, आणि त्याला ‘ओळखपत्रसक्ती’ म्हणून कोणी अडवलेले नाही. त्याच फाटकापाशी, एका दुचाकीवर तिघे, एकही हेल्मेट नाही, अशी मुले आम्ही रोज आत येताना पाहतो. येत्या सत्रापासून गाड्या लावण्याच्या जागी प्रवेशासाठी, मागे बसणाऱ्यासह, प्रत्येकी एक हेल्मेट असावे, असा ठराव आमच्यापैकी काहींनी आपापल्या संस्थेपुढे ठेवला आहे. एका ठिकाणी तो ‘विद्यार्थीसंख्येवर परिणाम होईल’ या शेऱ्यासह परत आला. शेरा मराठीतच होता, शुद्धलेखन अचूक होते. पुढच्या बैठकीत तो ठराव आम्ही पुन्हा मांडणार आहोत, आणि त्या वेळी ‘सक्ती’ हाच शब्द वापरणार आहोत.