‘इडियट’ कोणाला म्हणावे?

नाशिकच्या अशोक स्तंभापासून गंगापूरकडे जाणारा गंगापूर रोड हा सुशिक्षितांचा रस्ता मानला जातो. महाविद्यालये, खासगी शिकवण्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसगाड्या आणि कुसुमाग्रजांचे स्मारक, सारे याच परिसरात. या रस्त्यावर सायंकाळी कानी पडणाऱ्या शब्दांत ‘इडियट’ हमखास असतो. वही विसरलेल्या मुलाला आई ‘इडियट’ म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला लाडाने तेच म्हणते आणि आडव्या आलेल्या दुचाकीस्वारावर मोटारीतील गृहस्थही तोच शब्द फेकतात. राग, लाड आणि तुच्छता या तिन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. त्याचा अर्थ काय, हे विचारण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडत नाही.

या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. प्राचीन ग्रीक नगरराज्यांत ‘इडिओटेस’ म्हणजे खासगी माणूस. सार्वजनिक कारभारात ज्याचा वाटा नाही असा. त्यावरून ‘विशेष ज्ञान नसलेला’, ‘अडाणी’ असे अर्थ निघाले आणि लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईतो तो बुद्धिहीनाला चिकटला. पुढे शास्त्राने व कायद्यानेही तो उचलला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांच्या १९१० सालच्या वर्गवारीत, ज्यांचे मानसिक वय दोन वर्षांपलीकडे जात नाही त्यांना ‘इडियट’ ही संज्ञा होती. आपल्याकडे १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’च्या व्याख्येत हा शब्द होता. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमातही तो आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने तेथून गेला. १९१२ चा कायदाही पुढे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द ठरवला.

ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नव्हती, अशा माणसांवर मारलेला हा शिक्का होता. कायद्याने तो पुसला; सुशिक्षितांच्या जिभेवर मात्र तो राहिला. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटानंतर तर तो मिरवण्याचा बिल्ला झाला. ज्या घरात बौद्धिक अपंगत्व असलेले मूल वाढते आहे, त्या घराच्या खिडकीतूनही हा शब्द ऐकू जातो, याचे भान उच्चारणाऱ्याला असते काय?

मराठीत मूर्खपणाला शब्दांचा तुटवडा नाही. वस्तू जागेवर न ठेवणारा तो वेंधळा, घाईत काम बिघडवणारा तो धांदरट, चारचौघांत वागण्याचे भान नसलेला तो बावळट, कोणावरही विश्वास टाकणारा तो भाबडा आणि नको तिथे अक्कल पाजळणारा तो दीडशहाणा. प्रत्येक शब्द नेमका दोष दाखवतो. ‘वेंधळा’ म्हटले की काय सुधारायचे ते मुलाला कळते. ‘इडियट’ म्हटले की त्याला एवढेच कळते की आपणच टाकाऊ आहोत. जुन्या घरांत व शाळांत ‘गाढवा’, ‘ठोंब्या’ असा उद्धार होत असे आणि तो काही गोड नव्हता, हे खरेच. पण त्या कठोरपणाचे प्रायश्चित्त अधिक कठोर परका शब्द घेणे हे नव्हे. नाशिकजवळच्या भगूरचे स्वातंत्र्यवीर सावरकर यांची भाषाशुद्धीची कसोटी साधी होती : स्वकीय शब्द हाताशी असताना परकीय शब्दाने त्याला हुसकावू नये. ‘इडियट’ एकटाच येऊन अर्धा डझन जिवंत शब्दांना घराबाहेर काढतो आहे.

याच नाशिक नगरीत टाकळी येथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, असे परंपरा सांगते. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास ‘मूर्खलक्षण’ आणि दहावा ‘पढतमूर्खलक्षण’ आहे. समर्थ तेथे लक्षणे मोजतात, म्हणजे वर्तन दाखवतात. वर्तन बदलता येते, लक्षण टाकता येते. म्हणूनच ती यादी शिवी न ठरता शिकवण ठरते. आणि समर्थांचा मूर्ख केवळ अडाणी नाही. भरपूर शिकूनही ज्याचे ज्ञान आचरणात उतरत नाही, तो पढतमूर्ख.

येथे समर्थांचा पढतमूर्ख आणि ग्रीकांचा ‘इडिओटेस’ शेजारी येऊन बसतात. पदव्या आहेत, सदनिका आहे, मुलांचे गुण उत्तम आहेत. पण मतदानाच्या दिवशी सहल ठरलेली, सोसायटीच्या सभेला वेळ नाही आणि जवळून वाहणाऱ्या गोदावरीत निर्माल्याची पिशवी टाकताना हात अडखळत नाही. कुंपणाच्या आत सारे काही, कुंपणाबाहेर काहीच नाही, अशा माणसासाठीच तो शब्द प्रथम घडला होता. वही विसरलेला आठ वर्षांचा मुलगा त्या व्याख्येत कोठेच बसत नाही.

तेव्हा मुलाला वेंधळा म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी दप्तर भरताना त्याच्याजवळ बसावे. ‘इडियट’ हा शब्द वापरायचाच असेल, तर मूळ अर्थाने वापरावा आणि पहिल्यांदा स्वतःला लावून पाहावा.