पीएस टूवर खेळायचं राहून गेलेलं

गेल्या रविवारी माळ्यावरचा खोका खाली काढला. आत सोनीचा स्लिम प्लेस्टेशन टू, म्हणजे आमचा पीएस टू, दोन कंट्रोलर, आठ एमबीचं मेमरी कार्ड आणि टीव्हीला लावायची लाल-पांढरी-पिवळी वायर. झाकण उघडून मऊ फडक्याने लेन्सवरची धूळ टिपली. कंट्रोलरच्या काड्यांवरचं रबर चिकट झालं होतं, ते पुसायला अर्धा तास गेला. मग ‘क्रिकेट ०७’ची डिस्क घातली. दोनदा घरघरली आणि लागली.

या सदरात बहुतेक वेळा नव्या गेमबद्दल लिहितो. आज जे गेम कधी निघालेच नाहीत त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पीएस टू जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. साडेपंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. २००९च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्याची किंमत ९९ डॉलरवर आली. तिकडे तोवर पीएस थ्री घराघरांत जात होता आणि पीएस टू धाकट्या भावंडांच्या खोलीत सरकला होता. आपल्याकडे उलट झालं. इथल्या कितीतरी घरांत तो आलाच मुळी त्या शेवटच्या वर्षांत, स्वस्त झाल्यावर, आणि घरातला पहिला गेमिंग कन्सोल म्हणून आला. तिथे ज्याला म्हातारा म्हणत होते, तो आमच्यासाठी नवा कोरा होता.

मामाच्या घरी, साताऱ्याला, २०१०च्या दिवाळीत तो असाच आला. आम्ही सात भावंडं आणि कंट्रोलर दोन. आऊट झालं की कंट्रोलर पुढच्याच्या हातात द्यायचा, असा नियम. फराळाची ताटं गादीवरच यायची. मामा खुर्चीत बसून फील्डिंग लावायचा, ‘अरे मिडऑन वर घे’ म्हणून ओरडायचा. मामी दाराशी उभी राहून बघायची. दोनदा तिने विचारलं, ‘माझ्याजोगं काही आहे का रे यात?’ आम्ही डिस्कची पाकिटं चाळली. कुस्ती होती, गाड्या होत्या, बंदुका होत्या. तिच्याजोगं काही नव्हतं.

आणि ही मामी कॅरममध्ये भल्याभल्यांना रडवणारी. राणी घेतली की कव्हर तिचंच, हे ठरलेलं.

पीएस टूच्या कंट्रोलरमध्ये एक गोष्ट होती, जी फार थोड्यांनी वापरली. त्याची बटणं नुसती चालू-बंद नव्हती, बोटाचा दाब किती हे त्यांना कळायचं. ‘ग्रान टुरिस्मो ३’मध्ये गाडीचा वेग त्या दाबावर कमी-जास्त व्हायचा. ‘मेटल गियर सॉलिड २’मध्ये रोखलेली बंदूक गोळी न झाडता खाली घ्यायची असेल, तर बटण हळूच सोडावं लागायचं. आता याच बटणावर स्ट्रायकर ठेवून बघा. काडीने नेम धरायचा आणि अंगठ्याच्या दाबाने ठरवायचं, सोंगटी नुसती सरकवायची की बोर्ड फोडायचा. कॅरमचं सगळं कसब त्या दाबातच तर असतं. एक चौकोनी बोर्ड, एकोणीस सोंगट्या, एक स्ट्रायकर. बत्तीस एमबी मेमरीच्या यंत्राला हे काय जड होतं? चार कंट्रोलर जोडणारा मल्टिटॅप लावला असता तर चार जण चार बाजूंनी बसले असते, नाहीतर आमच्यासारखा एकच कंट्रोलर फिरवला असता. मामी त्या दिवशी दारात उभी राहिली नसती.

हे मी उगाच मागे वळून शहाणपण सांगत नाही. इथल्या घरांसाठी गेम काढायचा विचार सोनीला सुचला होता, त्यांनी इथल्या कंपन्यांकडून गेम करूनही घेतले. २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण वाट चुकली. त्रिमितीतली मारामारी हा प्रकार निवडला, म्हणजे त्याच यंत्रावर आधीच असलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’शी सामना. मागे प्रचंड पैसा आणि वर्षानुवर्षांचा सराव असलेल्या चमूशी नवख्या चमूने त्याच आखाड्यात उतरायचं? पहिल्याच कुस्तीत महाराष्ट्र केसरीसमोर उभं करण्यासारखं झालं ते. समीक्षकांनी झोडपलं, आणि दोष एकट्या मारुतीरायाच्या गेमला न चिकटता ‘भारतीय गेम असेच’ हा समज पक्का झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’ मात्र बरोबर दिशेला पाहत होता. हैदराबादच्याच गेमशास्त्रने तो केला, त्यात विटीदांडू, पतंग, कबड्डी असे खेळ होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये आला, तोही गल्लीतल्या क्रिकेटवर. या दोघांना आणखी वेळ, आणखी पैसा आणि दुसरी-तिसरी आवृत्ती मनासारखी घडवायची उसंत मिळायला हवी होती. ‘देसी अड्डा’त बरेच खेळ एका डिस्कवर बसवले, त्यापेक्षा एकच घेऊन तो घासूनपुसून लखलखीत केला असता तर?

समजा, फक्त कबड्डी घेतली असती. २००७ मध्ये ‘सिंगस्टार बॉलिवूड’ हा गाण्याचा गेम आला होता, त्याचे यूएसबी माइक पीएस टूला लागायचे. गाणाऱ्याचा सूर यंत्राला ओळखता येत होता, तर चढाई करणाऱ्याचा दम ओळखणं काय अवघड? माइक तोंडाशी धरायचा आणि एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं. आवाज तुटला की दम गेला, गडी बाद. एकाच्या हातात माइक, दुसऱ्याच्या हातात पकड करणारा कंट्रोलर. घरातला सगळ्यात लहान भाऊ, ज्याला बटणं जमत नाहीत, तोही यात जिंकू शकला असता, कारण फुप्फुसं त्याची दांडगी. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली आणि घराघरात चढाई, बोनस, सुपर टॅकल हे शब्द शिरले. तोवर पीएस टूचा कारखाना बंद पडून वर्ष उलटलं होतं.

क्रिकेटची गोष्ट तर जिव्हारी लागणारी. २००७च्या सप्टेंबरमध्ये आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, २००८च्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी ईए या कंपनीने आपली क्रिकेट मालिका ‘क्रिकेट ०७’वर थांबवली. कोडमास्टर्सचा २००७चा गेम आपल्याकडे युवराज सिंगच्या नावाने पीएस टूवर आला, पण त्यांचा पुढचा ‘अ‍ॅशेस क्रिकेट २००९’ या यंत्रावर आलाच नाही. फुटबॉलची ‘फिफा’ मात्र पीएस टूवर २०१३ पर्यंत दरवर्षी येत राहिली. म्हणजे जुन्या यंत्रासाठी नवा गेम काढणं अशक्य होतं असं नाही. फुटबॉलवाल्यांना ते गिऱ्हाईक दिसलं, आपलं दिसलं नाही. आयपीएलच्या भरात आम्ही साताऱ्यात अजून ‘०७’ खेळत होतो, आणि त्यात आपल्या खेळाडूंची नावंही खरी नव्हती. कोणता गडी सेहवाग हे आम्ही फलंदाजीच्या क्रमावरून ठरवायचो.

जुन्या यंत्रावर आपल्या माणसांसाठी गेम काढणं जमतं, याचा दाखला ब्राझीलमध्ये आहे. तिथल्या टेकटॉय या कंपनीने सेगाचे कन्सोल जग विसरल्यावरही विकणं चालू ठेवलं. मास्टर सिस्टिमवरच्या एका जपानी साहसी गेमची पात्रं बदलून १९९१ मध्ये त्यांनी त्यात मोनिका आणली, म्हणजे तिथल्या पोरांच्या रोजच्या कॉमिक्समधली नायिका. पुढे २००१ साली, मेगा ड्राइव्ह तेरा वर्षांचा झाल्यावर, त्यावर ‘शो दो मिल्याव’ हा टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम पोर्तुगीजमध्ये आणला. प्रश्न, चार पर्याय, सूत्रसंचालकाचा आवाज. सगळं घर टीव्हीसमोर बसून तोच कार्यक्रम बघत होतं, तर तोच खेळायला दिला.

आपल्याकडे ‘कौन बनेगा करोडपती’ २००० पासून होता, पीएस टूच्याच वयाचा. ‘बझ’ नावाच्या प्रश्नमंजुषेचे चार बझर पीएस टूला लागत होते. चार बझर, चार माणसं, मराठीत प्रश्न: गड कोणी बांधला, हे गाणं कोणत्या सिनेमातलं, अमुक नदी कुठे उगम पावते. मामा आणि मामी समोरासमोर बसले असते तर तो सामना पहाटेपर्यंत चालला असता, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

पीएस टूसाठी हौशी लोकांनी बनवलेली प्रोग्रॅमिंगची साधनं आजही फुकट मिळतात आणि जगभरातले लोक त्यावर नवे गेम लिहितात. पुण्या-मुंबईत गेम डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांत हजारो मुलं आहेत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी कॅरम करायला घ्यावा, ही माझी मनापासूनची विनंती आहे. दाबाचं गणित नीट बसवा, स्ट्रायकर कडेला लागल्याचा आवाज खऱ्या बोर्डवर रेकॉर्ड करा, पावडर कमी-जास्त करायची सोय ठेवा. तपासून बघायला साताऱ्याला माणूस तयार आहे. रविवारी मामीला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं: राणीला कव्हर लागेल ना?